भुतामागचा हिशेब

भयपट ही रिकामटेकड्यांची करमणूक होय, असे समजून पुरोगामी चळवळीने त्याकडे पाठ फिरविली. ही उपेक्षा योग्य नव्हे. समाज ज्याला भितो त्याचेच चित्र पडद्यावर उमटते, आणि ते चित्र बहुधा स्त्रीचे असते.

रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये सैतानाशी वैर धरतो राजा. शापाने मरतात त्याच्या वंशातील मुली, त्याही बाळंतपणात. भयपट स्त्रीच्या प्रसवशक्तीलाच राक्षसी रूप देतो, हे ऑस्ट्रेलियन अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी १९९३ साली दाखवून दिले. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, ही आपल्याकडील समजूत याच जातीची.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) ही चौकट मोडली. देणे थकलेला नवरा गरोदर पत्नीला उसाच्या शेतातील एकाकी घरात आणतो. तेथे खरे भय भुताचे नसून मुलींचा जीव घेणाऱ्या रूढीचे आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. हे काम कोणा पिशाच्चाने केलेले नाही.

तथापि एक आक्षेप उरतोच. प्रेक्षकाचा सारा संताप उषा नाईक यांनी रंगविलेल्या तुळसाबाईवर कोसळतो. वंश ज्यांच्या नावाने चालतो आणि जमीन ज्यांच्या नावावर चढते, ते पुरुष त्या संतापातून सहज निसटतात. सासू ही रूढीची हस्तक असते, लाभधारक नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न चित्रपटगृहापुरता नाही. २०१२ साली घाटंजी तालुक्यात एका सात वर्षांच्या बालिकेचा नरबळी दिला गेला. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की त्याची विधवा ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. कापसाचा भाव आणि सावकाराचे व्याज यांचा जाब कोणी विचारीत नाही. अपशकुनाचा ठपका मात्र तत्काळ लागतो, आणि तो लागला की जमिनीतील तिचा वाटा नाकारणेही सोपे होते. एखादीवर करणीचा आळ घेऊन तिला छळणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा गावात आपल्या पायांनी जात नाही.

तो कार्यकर्त्यांनी न्यावयाचा आहे. गावोगाव असे चित्रपट दाखवावेत आणि दिवे लागल्यावर एकच प्रश्न विचारावा: या बाईला भूत ठरविल्याने कोणाच्या पदरात काय पडले? जेथे हा हिशेब मांडला जातो, तेथे भुताला थारा उरत नाही.