डफड्याच्या डाव्या हाताला ‘तंत्र नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

१/ उमरेडपासून नागपूरपर्यंत पोळ्याला, वरातीला डफडे घुमते. त्याविषयीचा एक समज मात्र सुशिक्षितांत घट्ट रुजला आहे : डफड्यात जोश आहे, तंत्र नाही, काडीची पकड आणि बोटांचे नियंत्रण ही विद्या पाश्चात्त्य ड्रमची. हा समज चुकीचा तर आहेच, पण निरागसही नाही. #थ्रेड

२/ आधी तंत्राची व्याख्या पाहू. ताणलेल्या कातड्यावर काडी आदळली की कातडेच तिला परत फेकते. नवशिका काडी आवळून ती उसळी मारून टाकतो. जाणता वादक अंगठा व तर्जनीत काडीची बिजागरी करतो आणि उरलेल्या तीन बोटांनी उसळी झेलून पुढचा आघात घडवतो. मनगट जड असते, बोटे हलकी. म्हणून द्रुत लयीत काम बोटांचे.

३/ अमेरिकेत सॅनफोर्ड मोलर यांनी यादवी युद्धातील (१८६१–६५) म्हाताऱ्या लष्करी ढोलवादकांचे हात न्याहाळले आणि १९२५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ आले. आज जगभरचे विद्यार्थी हे धडे गिरवतात. हे श्रेय त्यांचेच आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

४/ आता डफडे पाहा. वाद्य खांद्याला अडकवलेले. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. डाव्या हातात लांब, पातळ काडी. पण तोच डावा हात वाद्याची कडही सांभाळतो. मनगट कडेवर टेकलेले, म्हणजे जवळजवळ जखडलेले. काडी हलणार ती केवळ बोटांनी. ड्रमसेटवर बोटांचे नियंत्रण ही पुढची पायरी असते; डफड्यावर त्यावाचून पहिला बोलही निघत नाही.

५/ पाश्चात्त्य ‘ट्रॅडिशनल ग्रिप’चा जन्मही असाच झाला. सैनिकाच्या गळ्यातला ढोल तिरका लोंबे, म्हणून डावा तळहात उताणा करावा लागे. अडचणीतून निघालेली ती पकड पुढे जॅझमध्ये प्रतिष्ठित झाली. तीच गोष्ट डफड्याच्या डाव्या हातात दिसली की मात्र तिला ‘गावठी सवय’ म्हणायचे, हा कोणता न्याय?

६/ पोळा येतो श्रावण अमावास्येला, ऐन पावसाळ्यात. दमट हवेत कातडे सैल पडते आणि उसळी मरते. म्हणून वादक जाळ करून डफडे शेकतो, टिचकी मारून स्वर ऐकतो, पुन्हा शेकतो. ताण, उसळी आणि बोटांचा वेग यांचे गणित त्याला कळते. ज्ञान नसलेला माणूस हे करत नाही.

७/ मग यावर मोलरसारखे पुस्तक का रुजले नाही? उत्तर १९१६ च्या रसेल–हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांत सापडते. उमरेड तेव्हा त्याच प्रांताच्या नागपूर जिल्ह्यात होते. या ग्रंथात मांग समाज गावचा वाजंत्री म्हणून नोंदला आहे. वादन आले ते जातीच्या खात्यात, विद्येच्या नव्हे.

८/ दोष केवळ परकीयांचा नाही. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत वर्गात आले, पुढे परीक्षांत आले. तबला, पखवाजाला अभ्यासक्रम मिळाला. डफडे मात्र वेशीबाहेरच राहिले. ज्या कातड्याला शिवणे ‘विटाळ’, त्यावरच्या बोटांचा अभ्यास कोण करणार?

९/ आक्षेप येतो : तंत्र असते तर परिभाषा असती. तबल्याचे बोलही पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आले. म्हणून तबला अशास्त्रीय ठरला नाही. परिभाषेची नोंद होणे ही प्रतिष्ठेची बाब आहे, नोंद नसणे हा अज्ञानाचा पुरावा नव्हे.

१०/ दुसरा आक्षेप अधिक दांभिक : ‘या लोकांनीच आपली कला सोडली.’ मार्च १९२७ च्या महाड परिषदेपासून आंबेडकरी चळवळीने गावकीची अपमानास्पद कामे झुगारण्याची हाक दिली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी वाजवणेही सोडले. ते कलेला पाठ फिरवणे नव्हते. हुकुमावरून, उष्ट्या अन्नावर, मांडवाबाहेर उभे राहून वाजवण्यास दिलेला तो नकार होता.

११/ वादकाला मांडवाबाहेर ठेवणाऱ्या समाजाने त्याची कला हरवल्याचा शोक करू नये. ज्यांनी वाजवणे सोडले, त्यांच्यावर परतण्याचे ओझे नाही. जे आजही वाजवतात, त्यांना ‘परंपरेचे रक्षक’ ही पदवी पुरेशी नाही. त्यांना वादक म्हणून नाव आणि कामाचे पूर्ण मोल हवे.

१२/ मोलरकडे वही होती. आजच्या तरुणाच्या खिशात मंदगतीचे चित्रण करणारा फोन आहे. पुढच्या पोळ्यात तो गर्दीवर नव्हे, वादकाच्या संमतीने त्याच्या डाव्या हातावर रोखला जावा. कोणते बोट काडी धरते, कोणते सोडते, हे टिपले जावे आणि त्या नोंदीच्या शिरोभागी जात नव्हे, वादकाचे नाव लिहिले जावे. #इतिहास #विदर्भ