मंदी हटायची तर मस्टर वेळेवर निघाले पाहिजे

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामपंचायतीच्या कारभारी मंडळींनो,

देशावर आर्थिक संकट आले की दिल्ली-मुंबईत पहिली चर्चा कशाची होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. बँकांचे काय, शेअर बाजाराचे काय, कारखानदारांना सवलत किती. २०१९ साली वाढीचा वेग मंदावला तेव्हा सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. पण दुकानात गिऱ्हाईकच नसेल तर कारखानदार नवे यंत्र बसवील कशाला? आणि गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुमच्या-आमच्या गावातलाच माणूस. त्याच्या हाताला काम असेल तरच त्याच्या खिशात चार पैसे खुळखुळणार. एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांच्या ध्यानात यायला दर वेळी एखादी मोठी आपत्तीच लागते.

२०२० साली ती आली. मार्चच्या २५ तारखेला टाळेबंदी लागली आणि शहरातला मजूर पायी गावाकडे निघाला. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ती माणसे, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाली होती. काम त्यांना होते, नव्हते असे नाही. पण काम बंद पडल्यावर पोटाला काय, राहायचे कुठे, याची जबाबदारी कुणावरच नव्हती. अशा कामाला काम म्हणायचे का, हा खरा प्रश्न आहे.

त्या वर्षी सावरून कुणी धरले? गावाने. देशातल्या कामकऱ्यांपैकी शेतीवर असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेले. शेती वाढली म्हणून नव्हे, दुसरीकडे थारा नव्हता म्हणून. दोन एकराच्या तुकड्यावर आधीच चार माणसे, त्यात आणखी दोन आली. आणि शेतीलाही पेलवेना तेव्हा लोक रोजगार हमीच्या कामावर गेले. २०१९-२० मध्ये देशभरात २६५ कोटी मनुष्यदिवस काम निघाले होते. २०२०-२१ मध्ये ३८९ कोटी निघाले. अर्थसंकल्पात ६१,५०० कोटी धरले होते, त्यावर आणखी ४० हजार कोटी द्यावे लागले. एरवी ज्या योजनेला खड्डे खणण्याची योजना म्हणून हिणवत, तिच्याच दारात सगळ्यांना यावे लागले.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला त्यांना विचारा. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती. सुकडी खाऊन, मिलोची भाकरी खाऊन लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, नाले अडवले. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी करून पाहिलेला विचार तेव्हा राज्यभर उभा राहिला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराने व्यवसाय कर द्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे, असा तो रोकडा व्यवहार होता. दिल्लीला हे सुचायला २००५ साल उजाडले.

पण बहात्तरच्या कामांचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. तेव्हा फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला तसेच पडून होते. माणूस जगला, ही मोठीच गोष्ट; पण त्याच्या घामातून शिवारात काही उभे राहिले तर तो पुढच्या दुष्काळात पुन्हा खडीवर येत नाही. १९९० साली रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली, तेव्हा कोरडवाहू बांधावर आंबा, बोर, डाळिंब, सीताफळ उभे राहिले, ते याच विचाराने.

जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटना म्हणून एक संस्था आहे, १९१९ पासूनची. तिचे प्रमुख हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये सन्मानाचे काम हा विषय जगापुढे मांडला, आणि २००९ च्या जागतिक मंदीत त्या संस्थेने ठराव केला की संकटातून उठायचे तर रोजगार मधोमध ठेवा. मोठमोठे शब्द बाजूला ठेवले तर अर्थ आपल्या भाषेत असा: दाम पुरता, दाम वेळेवर, बाईला पुरुषाइतका, जिवाला धोका नाही, आणि तक्रार केली म्हणून उद्या कामावरून काढणार नाही. यातले पुष्कळसे आपल्या रोजगार हमीत आधीपासून लिहिलेले आहे. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी, लहान पोरांसाठी पाळणाघर. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या गावच्या शेवटच्या कामावर यातले काय काय होते?

दामाचेच घ्या. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये ठरला. तुमच्या भागात कापूस वेचणीला, सोयाबीन काढणीला काय मोजावे लागते ते तुम्हीच ताडून पाहा. बरे, तेही वेळेवर पडतात का? २००५ च्या कायद्यात पंधरा दिवसांची मुदत घातली होती आणि उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांचे १,८७२ रुपये अडकले तर भरपाई दिवसाला जेमतेम ९४ पैसे! तेवढ्याच रकमेसाठी माणूस गावात महिना शेकडा पाचने हात पसरायला गेला, तर त्याला दिवसाला तीन रुपयांवर व्याज पडते. म्हणजे सरकार थकवते आणि सावकार कमावतो.

आणि मजूर काय करतो? पुढच्या वेळी तो हमीच्या कामावर येतच नाही. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि कोयता उचलून कारखान्याच्या फडावर जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाईची वेगळी मजुरी नाहीच. तिचा खाडा झाला की दंड. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. गावात वेळेवर दामाचे काम नसण्याची किंमत ही अशी बाईच्या अंगावर निघते. रोजगाराचे आकडे मोजणाऱ्यांच्या खात्यात मात्र तीही रोजगारात असते.

थोडे आपल्या घरातलेही बोलू. रात्री जेसीबी चालवायचा आणि सकाळी मस्टरवर नावे चढवायची, हा प्रकार कुठल्या सरपंचाला, ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) आणि रोजगार सेवकाला ठाऊक नाही? 'मजूर मिळत नाहीत हो, काम तर पुरं करायचंय,' हे उत्तर तयारच असते. मजूर का मिळत नाहीत, ते वर सांगितलेच. पण ज्याच्या नावावर पैसे पडले आणि शंभर-दोनशे रुपये हातावर टेकवून बाकीचे काढून घेतले, त्या माणसाच्या हक्काचे दिवस कागदावर संपलेले असतात. खरोखर दुष्काळ पडेल तेव्हा तो कोणत्या तोंडाने काम मागणार?

शेतकरी बंधूंची तक्रारही ऐकली पाहिजे. 'हमीच्या कामामुळं शेताला माणूस मिळंना,' असे पारावर सर्रास म्हटले जाते. पण कोरडवाहू भागात या कामाला गर्दी होते ती माघ ते वैशाखात, रान रिकामे असते तेव्हा. आणि कामावर येणाऱ्यांत एक-दोन एकरवाले शेतकरीच किती असतात! त्या घरात हमीची मजुरी आली तर ती बी-बियाण्यात, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, पोराच्या वह्यापुस्तकांत जाते. आठवडी बाजार भरतो तो या पैशावर. तुमची कोथिंबीर आणि तुमचे बोकड विकत घेणारा तोच आहे.

हे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, हे चांगलेच झाले. पण दोन तरतुदी नीट वाचाव्यात. पूर्वी अंगमेहनतीची मजुरी सगळी केंद्र देत असे. आता आपल्यासारख्या राज्यांना खर्चाचे ४० टक्के स्वतः घालायचे आहेत. केंद्र राज्याचा वाटा आधीच ठरवून देणार आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी. एरवी हे चालून जाईल. पण २०२० सारखी आपत्ती आली तर? त्या वेळी राज्याचा कर बुडालेला असतो आणि कामाची मागणी दीडपट झालेली असते. रिकाम्या तिजोरीतून राज्य ४० टक्के आणणार कुठून? संकटात केंद्राने ही अट शिथिल करून पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद हवी होती. ती करून घेण्यासाठी आपल्या आमदार-खासदारांच्या मागे लागावे लागेल.

दुसरी तरतूद पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची. शेतकऱ्याला बरी वाटेल. पण हंगामाच्या तारखा कागदावर ठरतात आणि पाऊस कागद वाचत नाही. जूनमध्ये पेरले, जुलैभर ओढ दिली, दुबार पेरणीला बी घ्यायला पैसा नाही, आणि नेमकी तेव्हाच कामे बंद! म्हणून या तारखा जिल्हा धरून नव्हे तर तालुक्याचा पाऊस पाहून ठराव्यात आणि पावसाचा खंड पडला की बंदी आपोआप उठावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. तो तहसीलदारांकडे आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या.

त्याच ग्रामसभेत शेवटच्या तीन मस्टरांच्या प्रती वाचून दाखवायला सांगा. नावे मोठ्याने वाचा. मजुरी कोणत्या तारखेला पडली, तेही विचारा. आणि काम मागायला जाल तेव्हा तोंडी मागू नका. अर्ज लिहून द्या आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नका. तारीख नसेल तर काम केव्हा मागितले, हे नंतर कुणीच मानत नाही.