पडद्यावरून पुसलेला तिबेट

मार्व्हलच्या चित्रकथांत १९६३ साली ‘डॉक्टर स्ट्रेंज’ अवतरला. त्याचे गुरू तिबेटी. त्यांची जन्मभूमी हिमालयात दडलेले कामर-ताज. २०१६च्या चित्रपटात मात्र कामर-ताज काठमांडूत गेले आणि गुरुपदी केल्टिक स्त्री आली. निर्मात्यांनी विविधतेचे कारण पुढे केले. परंतु तिबेटचे नाव घेतल्यास चिनी प्रेक्षक दुरावण्याचा धोका होता, हे सहपटकथाकार सी. रॉबर्ट कारगिल यांनीच बोलून दाखविले होते.

१९५० साली चिनी सैन्य तिबेटात घुसले. १९५९ मध्ये दलाई लामा भारताच्या आश्रयास आले. भूमी शस्त्रबळाने गेली, कल्पनेतील तिबेट बाजारपेठेच्या मोहाने गेला. विस्मरण हा आक्रमकाचा दुसरा विजय असतो. मुलांना चित्रपट जरूर दाखवावा. सोबत नकाशावर तिबेटही दाखवावा.