मैत्रीचा रकाना

रुग्णाची माहिती लिहून घेताना आपण आईवडिलांचा मधुमेह विचारतो, भावाचा हृदयविकार विचारतो, घरात माणसे किती हेही विचारतो. मैत्रिणीविषयी मात्र कधीच विचारत नाही. केसपेपरवर तिच्यासाठी रकानाच नसतो. ही उणीव मलाही कधी जाणवली नव्हती. ती एका कादंबरीने दाखवून दिली.

एलेना फेरान्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेची चार खंडांची कादंबरी २०११ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झाली. ॲन गोल्डस्टाइन यांच्या इंग्रजी अनुवादातून मी ती वाचली. ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ हा तिचा पहिला खंड. महायुद्धानंतरच्या नेपल्समधील एका गरीब वस्तीतल्या दोन मुलींची ही कथा. जोडे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी लीला (हे नाव आपलेच वाटावे!) विलक्षण बुद्धिमान, पण प्राथमिक शाळेनंतर तिचे शिक्षण थांबते आणि सोळाव्या वर्षी लग्न होते. शिपायाची मुलगी एलेना शिकत जाते, लेखिका होते. शाळा सुटलेली लीला ग्रंथालयातील पुस्तकांवरून लॅटिन शिकते आणि एलेनालाही त्यात मदत करते. एलेना स्वतःचे प्रत्येक यश लीलाच्या मापाने मोजते, हे ती लपवीत नाही.

स्वयंपाकघर, लग्ने, बाळंतपणे आणि शेजाऱ्यांची भांडणे यांतच रमणारे हे लेखन किरकोळ आहे, असे काही मित्र म्हणतात. पाल्हाळ आहे, हे मान्य. प्रत्येक खंडाच्या आरंभी पात्रांची यादी दिली आहे आणि तिची गरजही भासते. परंतु स्नेह आणि असूया एकाच मनात, एकाच व्यक्तीविषयी वर्षानुवर्षे नांदू शकतात, हे निदान इतक्या निर्भीडपणे करणारे लेखन माझ्या वाचनात फारसे नाही. आणि असूया आहे म्हणून स्नेह खोटा ठरत नाही, हेही ही कादंबरी मला पटवून देते.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. इंदूरच्या रामबागेत माझ्या शेजारी राहणारी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. रसायनशास्त्र मला तिनेच शिकविले. पीएमटीपूर्वीच तिचे लग्न ठरले. ‘बिचारीचे शिक्षण राहिले,’ असे मी आजवर हळहळून सांगत आले. दुसरा खंड वाचताना एका रात्री पुस्तक मिटून बसले, तेव्हा आठवले : ती परीक्षेला बसणार नाही हे कळले त्या दिवशी मला वाईट वाटण्याआधी हायसे वाटले होते.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक बदल झाला आहे. तपासण्या निर्दोष असूनही झोप न येणाऱ्या, डोके दुखणाऱ्या प्रौढ स्त्रियांना मी आता त्यांच्या मैत्रिणींविषयी विचारते. पुष्कळदा उत्तर लांबते.

माझ्या मैत्रिणीशी मात्र हे अजून बोलले नाही. आमचे येणेजाणे आहे, दिवाळीचे फराळ आहेत. ही स्मरणिका तिच्याही घरी जाते. तिने ती चाळावी आणि या पानावर थांबावे, अशी माझी इच्छा आहे.