जन्मभूमी आणि लोकमान्यता

राजकीय नेत्याची लोकप्रियता त्याच्या प्रदेशाच्या मातीतूनच उगवते, हा समज आपल्याकडे जवळजवळ सिद्धान्त म्हणून रूढ आहे. महाराष्ट्राशी निगडित अशा तीन नेत्यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे या समजातील तथ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

यशवंतराव चव्हाण कृष्णाकाठी वाढले. १९८० साली इंदिरा गांधींची लाट देशभर उसळली असता त्यांच्या विरोधी काँग्रेसतर्फे उभे राहूनही ते साताऱ्यातून निवडून आले. या मुलखाशी त्यांचे नाते पक्षापलीकडचे होते. तथापि १९७९ मध्ये उपपंतप्रधानपदी पोहोचलेल्या या नेत्याचा लोकसंग्रह मुख्यतः महाराष्ट्रापुरताच राहिला.

पुण्यात जन्मलेले मधू लिमये १९६४ व १९६७ मध्ये मुंगेरमधून, तर १९७३ व १९७७ मध्ये बांकामधून लोकसभेवर गेले. बिहारशी त्यांचे ना जन्माचे नाते होते, ना जातीचे. समाजवादी चळवळीचे संघटन आणि संसदेत हिंदीतून मांडलेला विचार हेच त्यांचे भांडवल. परंतु १९७१ व १९८० मध्ये वारे फिरताच त्यांचा पराभव झाला. साताऱ्याने यशवंतरावांना दिला तसा आधार त्यांना लाभला नाही.

जॉर्ज फर्नांडिस मूळचे मंगळूरचे. शिवसेनेच्या स्थापनेला वर्षही झाले नसताना, १९६७ मध्ये, दक्षिण मुंबईत त्यांनी मराठी भाषक स. का. पाटील यांना हरविले. पाटलांनी मुंबई महाराष्ट्रात जाण्यास केलेला विरोध मराठी मतदार विसरला नव्हता, आणि कामगाराला फर्नांडिस आपल्या लढ्यातले वाटत होते. पुढे १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच ते मुजफ्फरपुरातून विजयी झाले.

जन्मभूमी नेत्याला पडत्या काळात तारते. परंतु परप्रांतातील मान्यता त्याला भाषेने आणि तेथील जनतेच्या प्रश्नांशी एकरूप होऊनच मिळवावी लागते, आणि ती पुनःपुन्हा मिळवावी लागते. भूमिपुत्रत्वाच्या घोषणेला हे वास्तव मानवत नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे लक्ष द्यावयास हवे. मराठीत घडलेले मन हिंदीतून बिहारच्या जनतेशी बोलते, तेव्हा त्या भाषेचे काय होते आणि त्या मनाचे काय होते, हा प्रश्न निवडणुकीच्या आकड्यांहून अधिक टिकाऊ आहे.