लक्ष्मी रस्ता दर शनिवार-रविवारी चालणाऱ्यांना द्या

दरवर्षी ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा, गरुड गणपती चौकापर्यंतचा, वाहनांसाठी बंद होतो. २०२१ पासून महापालिका हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून पाळते आहे. सकाळी बॅरिकेड लागतात, रस्त्यावर रंग उतरतात, मुलं मधोमध बसून खेळतात, आणि एरवी जीव मुठीत धरून चालणारी माणसं रस्त्याच्या मधून चालत दुकानांच्या पाट्या वाचतात. रात्री बॅरिकेड उचलले जातात. १२ तारखेला सगळं होतं तसं होतं.

हा दिवस सुरू करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे. वर्षातून एक दिवस रस्ता बंद केल्याने कुणाचीच सवय बदलत नाही. गिऱ्हाइकाला तारीख लक्षात राहत नाही, दुकानदाराला तो धंद्यातला खाडा वाटतो आणि वाहतूक पोलिसांना एका दिवसाचा बंदोबस्त. लक्ष्मी रस्ता दर शनिवारी आणि रविवारी वाहनांसाठी बंद झाला पाहिजे, तोही सलग सहा महिने, एकही आठवडा न चुकवता. त्यानंतर काय ते ठरवू.

शनिवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला कुंटे चौकाच्या आसपास उभं राहून पाहा. पदपथ आहे, पण त्यावर दुकानाच्या पायऱ्या उतरलेल्या आहेत. पायऱ्यांपुढे साड्या नेसवलेले पुतळे, पुतळ्यांपुढे पथारी. त्याच्या कडेला दुचाकींची रांग, आणि जागा मिळाली नाही की त्या रांगेला चिकटून दुसरी रांग. दुचाकींचे हँडल आणि चालती रिक्षा यांच्यामध्ये जी हातभर पट्टी उरते, तीच पायी चालणाऱ्यांची वाट. परवा तिथे एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन चालली होती. एका हातात मुलीचं मनगट, दुसऱ्या हातात साडीच्या दोन पिशव्या. पिशवीचा बंद उभ्या स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीत अडकला. ती सोडवायला वळली, तोवर मागून हॉर्न सुरू. मुलीला पोटाशी ओढून तिने पिशवी हिसडली, बंद तुटला आणि खोका रस्त्यावर पडला. मागची मोटार थांबली, तिच्या मागचं सगळं थांबलं, आणि चार जण त्या बाईवर खेकसले. ती खरेदीला आली होती, चार पैसे खर्च करायला आली होती. बाजारात गिऱ्हाइकाची अशी गत होत असेल, तर रस्ता कुणासाठी चालू ठेवला आहे?

दुकानदारांचा विरोध मी ऐकलेला आहे आणि तो हलका मानत नाही. कापडाच्या धंद्यात पिढ्या घालवलेल्या एका काकांनी मला समोर बसवून सांगितलं, “अहो ताई, शनिवार-रविवार हेच आमचे धंद्याचे दिवस. नेमक्या त्याच दिवशी रस्ता बंद केलात, तर गिऱ्हाईक येणार कसं? ते जाईल मॉलमध्ये. तिथे गाडी आत घेऊन जाता येते.” त्यांच्या बोलण्यात भीती होती आणि ती खरी होती. ऑनलाइन खरेदीने आधीच कंबर मोडलेली, त्यात हे.

पण त्यांच्याच दुकानाचा हिशेब करून पाहू. या रस्त्यावरच्या जुन्या दुकानांचं तोंड बारा-पंधरा फुटांचं. साधारण मोटारीची लांबी तेरा-चौदा फूट. म्हणजे दुकानासमोर फार तर एक मोटार उभी राहते, आणि ती दिवसभर हलली नाही तर बहुधा दुकानातल्याच कुणाची असते. गर्दीच्या शनिवारी त्याच दुकानाच्या पायऱ्या चढणारी बाकी सगळी माणसं कुठून येतात? गाडी कुठेतरी लांब लावून चालत, बसने, रिक्षाने, आता मेट्रोने. दारातली मोटार दिसते म्हणून ती धंद्याचा आधार वाटते. पायी येणारा गर्दीत मिसळून जातो, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही.

आणि शेजारी तुळशीबाग आहे की! तिच्या आतल्या गल्ल्यांत मोटार शिरूच शकत नाही. पेशवाईतल्या राममंदिराभोवती वाढलेल्या त्या बोळांमध्ये बांगड्या, भातुकली, पितळेची भांडी, ओढण्या, टिकल्यांची पाकिटं यांच्या दुकानांपुढे सणासुदीला खांद्याला खांदा लागतो. गाडी दारात लावता येत नाही म्हणून तुळशीबागेत जाणं सोडलं, असं म्हणणारी पुणेकर बाई मला अजून भेटलेली नाही. डेक्कनच्या हाँगकाँग लेनचंही तेच. पुण्यातला पायी बाजार भरभराटीला आलेला आहे, आणि तो पाहायला लक्ष्मी रस्त्याच्या दुकानदारांना दोनशे पावलांहून लांब जावं लागत नाही.

मात्र एका अडचणीशी मला अडखळायला होतं, आणि ती आहे बस्त्याची. लग्नसराईत सातारा, बारामती, जुन्नरकडून घरंच्या घरं बस्ता बांधायला इथे येतात. एका जीपमधून दहा-बारा माणसं, त्यात गुडघे दुखणारी आजी, कडेवरचं बाळ, आणि परतताना मानपानाच्या साड्या, धोतरं, टॉवेल-टोप्यांची गाठोडी. ही माणसं दिवसभराची खरेदी एका दुकानात करतात. त्यांना ‘चालत या’ असं सांगून हात झटकता येणार नाहीत. त्यांची जीप बंद टप्प्याच्या टोकाला थांबू द्यावी, तिथून आजींसाठी बॅटरीवरची छोटी गाडी असावी, आणि गाठोडी पोचवायला दुकानाचा माणूस जावा. तो आजही जातो. बस्ता झाला की दुकानातला मुलगा डोक्यावर गाठोडं घेऊन गाडी जिथे लावली असेल तिथवर सोडायला येतो, कारण दारात गाडी लावायला जागा नसतेच. फरक एवढाच की त्या मुलाला आज वाहनांतून वाट काढावी लागते.

शनिवार-रविवारचा प्रयोग पुण्याला नवा नाही. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर ‘वॉकिंग प्लाझा’ भरत असे. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी रस्ता वाहनांना बंद. फुगेवाले, आइस्क्रीम, रस्त्यातून रमतगमत फिरणारी कुटुंबं. ज्यांचं तारुण्य त्या संध्याकाळी गेलं, त्यांच्या आठवणीत तो रस्ता अजून तसाच आहे. पुढे आजूबाजूच्या रस्त्यांवर कोंडी होते, पार्किंगला जागा नाही, धंदा बसतो अशा तक्रारी वाढल्या आणि प्लाझा बंद पडला. मग पुन्हा सुरू करण्याच्या घोषणा, पुन्हा विरोध. मला त्यातून दिसतं ते असं : रस्ता बंद करण्याचा निर्णय झाला, पण गाड्या कुठे लावायच्या आणि लोकांनी यायचं कसं, याची सोय त्याच्या जोडीने उभी राहिली नाही. तेव्हा मेट्रोही नव्हती.

आता ती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडई, कसबा पेठ ही स्थानकं थेट जुन्या शहराच्या पोटात उघडली. पिंपरीहून निघालेली बाई गाडी न बदलता मंडईला उतरते आणि काही मिनिटांत तुळशीबागेत पोचते. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा हे महापालिकेचे वाहनतळ आहेत. २०२१ मध्ये पेठांमधून दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ मिडीबस सुरू झाली होती, तशा बसच्या फेऱ्या शनिवार-रविवारी वाहनतळ ते बाजार अशा दर काही मिनिटांनी ठेवता येतील. कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीखालून माणसं इथवर आणायची आणि वर आल्यावर त्यांना पाय ठेवायला जागा द्यायची नाही, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

वाहतूक वळवणार कशी, हा प्रश्न पोलिसांनी तरी विचारू नये. अनंत चतुर्दशीला हाच रस्ता एक संपूर्ण दिवस आणि रात्र मिरवणुकीसाठी बंद असतो. पालख्या येतात तेव्हा निम्मं शहर वळवलं जातं. कुठला चौक कधी बंद करायचा, पर्यायी मार्ग कुठले, हे या शहराच्या पोलिसांना पाठ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अधिसूचना निघते, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलिसांची वाहनं वगळली जातात, की झालं. मिरवणुकीच्या दिवशी दुकानं बंद असतात आणि इथे ती चालू ठेवायची आहेत, हा फरक मला मान्य आहे. म्हणून तर मी सकाळी साडेदहापर्यंत मालाच्या टेम्पोंना मुभा असावी असं म्हणते. लक्ष्मी रस्त्याला छेदून जाणाऱ्या बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता यांना हात लावायचं काही कारणच नाही.

उत्सवासाठी रस्ता मोकळा करणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. डोंबिवलीत दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर नव्या कपड्यांतली हजारो तरुण मुलं-मुली नुसती भेटायला, फिरायला जमतात. त्या पहाटे गाड्या तिथे फिरकत नाहीत. कोपनहेगनच्या प्रसिद्ध स्ट्रॉगेट या बाजाररस्त्याची सुरुवातही अशीच झाली. नाताळच्या गर्दीत एक-दोन दिवस तो वाहनांना बंद ठेवायची तिथे रीत होती. १९६२ च्या नोव्हेंबरात तोच रस्ता प्रयोग म्हणून बंद केला, तो कायमचाच. दुकानदारांनी तेव्हा तिथेही आरडाओरडा केला होता. डेन्मार्क वेगळा, आपण वेगळे, हे खरं आहे. पण सणाच्या दिवसाचा नेहमीचा दिवस होऊ शकतो, एवढं तरी त्यातून कळतं.

फसण्याची वाटही माहीत हवी. दिल्लीत चांदनी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा टप्पा २०२१ मध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंद झाला. दगडी फरशी, बाक, झाडं, सगळं झालं. मग देखरेख सैल पडली आणि दुचाकी हळूहळू आत शिरल्या. पुण्यात तर पहिला धोका दुचाकीचाच. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणत बॅरिकेडच्या फटीतून घुसणारा पहिला दुचाकीस्वार अडवला नाही, तर तासाभरात पन्नास घुसतील. म्हणून बंदी फक्त मोटारींना नको, सगळ्यांना हवी, आणि दोन्ही टोकांना माणूस उभा हवा.

पेठेत राहणाऱ्यांचं काय? वाड्यात आजारी माणूस असतो, रविवारी पाहुणे येतात, रात्री उशिरा कुणी स्टेशनवरून सामान घेऊन परततो. त्यांना पास द्यावेत आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ द्यावं. बॅरिकेडवरच्या हवालदाराशी हुज्जत घालून आपल्याच घरी जायची पाळी त्यांच्यावर येता कामा नये. पथारीवाल्यांची जागाही आधीच आखून द्यावी. मोकळा झालेला रस्ता पथारींनी भरून गेला तर दुकानदारांचा राग रास्त ठरेल, आणि पथारीवाल्यांना हुसकावलं तर २०१४ च्या कायद्याने त्यांना दिलेला हक्क आपण पायदळी तुडवू. ही जागा आखणाऱ्या पांढऱ्या रेघा पहिल्या शनिवारच्या आधी पडायला हव्यात. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, पाणी असलेलं, कडी लागणारं. चार-चार तास खरेदी करणाऱ्या बाईला आज या भागात कुठे जायचं ते कळत नाही. पाणी कमी पिऊन घरून निघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बाक हवेत, पाठ टेकता येईल असे, सावलीत.

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असं ते धोरण मानतं. त्याच्याही दहा वर्षं आधी, २००६ मध्ये, केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणाने सांगितलं होतं की रस्ते वाहनं हलवायला नसून माणसं हलवायला आहेत. कागद भरपूर आहेत. एखादं काम दर आठवड्याला, कंटाळा न करता करायची तयारी तेवढी कमी पडते.

सहा महिन्यांच्या प्रयोगात मोजणी हवी, आणि ती दुकानदारांच्या संघटनेला सोबत घेऊन व्हावी. बंदीच्या आधीचे चार शनिवार आणि नंतरचे सगळे शनिवार : रस्त्यावर किती माणसं आली, दुकानात किती शिरली, विक्री किती झाली, शेजारच्या रस्त्यांवर कोंडी किती वाढली. आकडे दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेवावेत. त्या कापडवाल्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मोजणार असाल तर बघू. पण मोजायचं आमच्यासमोर.” त्यांची अट अगदी योग्य आहे. आयुक्तांनी आणि वाहतूक पोलिसांच्या उपायुक्तांनी या रस्त्यावरच्या दुकानदारांना याच महिन्यात बोलवावं, ही अट मान्य करावी आणि पहिल्या शनिवारची तारीख जाहीर करावी.