नुसते ओठ हलव!

स्नेहसंमेलनाच्या तालमीत एखाद्या बालकाला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते आणि ते मूल जन्मभर स्वतःला बेसूर समजते. वस्तुतः दोष बहुधा मोठ्यांचा असतो. शिक्षक आपल्या खालच्या पट्टीत सूर देतात. कोवळ्या गळ्याला तो लागतच नाही. त्यावर पेटी आणि ध्वनिक्षेपकाचा कल्लोळ! स्वतःचा आवाजच ऐकू न येणारे मूल तो सुधारणार कसे? (शाखेतील पद्यही आपण पुष्कळदा गाण्याऐवजी ओरडतो, हे मान्य करू या.) संगीत सामान्य घरांत पोहोचावे म्हणून पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्या घरांतली सायंप्रार्थनाच आता मुकी होत चालली आहे. आईने मुलाच्या पट्टीत एक ओळ हळू म्हणावी, त्याने ती आधी ऐकावी, मग उचलावी. पाच मिनिटे पुरतात. तेवढा वेळ दूरचित्रवाणी मात्र बंद हवी.